शेतात उतरवलेल्या विमानाची बातमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका लहान खासगी विमानाची बातमी होती. इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाने विमान मोकळ्या शेतात उतरवले आणि आतले दोघेही आपल्या पायांनी बाहेर आले, असे बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते. मथळा मात्र ‘विमान शेतात कोसळले’ असा होता आणि खालच्या चौकटीत ‘दैव बलवत्तर म्हणून बचावले’ असे शब्द होते. बातमीदाराला दोष द्यायला मी बसलेली नाही. रात्री उशिरा, हाती चार ओळींची माहिती असताना जवळ जो शब्द असतो तोच पडतो, हे मला समजते. पण ‘कोसळले’ हा शब्द मी स्वतःच्या बाबतीत वाचलेला आहे, आणि त्याने काय होते ते पाहिले आहे.

सहा वर्षांपूर्वी मी असेच एक चार आसनी, एका इंजिनाचे विमान नांगरलेल्या शेतात उतरवले. शेजारी माझा थोरला भाऊ बसला होता. दुसऱ्या दिवशी आमचीही बातमी छापून आली, तिचाही मथळा तोच होता.

आधी साधी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. विमानाला हवेत इंजिन धरून ठेवत नाही, पंख धरून ठेवतात. इंजिनाचे काम वेग देण्याचे. इंजिन थांबले की तो वेग उंची खर्च करून मिळवावा लागतो, म्हणजे नाक थोडे खाली ठेवून घसरत जायचे. उतारावर पायडल मारणे थांबवले म्हणून सायकल आडवी होत नाही, ती पुढे जात राहते, तसेच हे आहे. मी चालवत होते ते सेस्ना १७२ जातीचे विमान होते. जगात सर्वांत जास्त संख्येने तयार झालेले विमान हेच. वारा नसेल तर इंजिनाशिवाय ते दर हजार फूट उंचीमागे साधारण पावणेतीन किलोमीटर जाते. त्यासाठी वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर राखावा लागतो आणि उंची मिनिटाला सातशे-साडेसातशे फुटांनी कमी होते. तीन हजार फुटांवर असाल तर हातात चार मिनिटे आणि आठ किलोमीटर असतात. स्पेस शटल अंतराळातून परत येताना प्रत्येक वेळी इंजिनाच्या जोराशिवायच धावपट्टीवर उतरत असे. त्याला कोसळणे असे कोणी म्हटले नाही.

आमची ती चार मिनिटे.

दोन दिवस पाऊस पडून गेला होता. हवा दमट होती, वर ढगांचा थर, बाहेरचे तापमान १८ अंश. जमिनीपासून तीन हजार फुटांवर आम्ही सरळ चाललो होतो. इंजिनाचे फेरे मिनिटाला २,४०० ठेवले होते, ते २,३०० वर आलेले दिसले. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करण्याचा, दांडा कंपनाने थोडा मागे सरकला असेल असे मला वाटले. तसे होते कधी कधी. मी तो पुढे ढकलला, फेरे पूर्ववत झाले आणि मी पुन्हा बाहेर पाहू लागले. पाचेक मिनिटांनी तेच झाले. मी पुन्हा थ्रॉटल पुढे केला. ही माझी पहिली चूक. ती मी जशीच्या तशी सांगते आहे, कारण या सगळ्या पत्राचा गाभा तिथेच आहे.

कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, असलेल्या इंजिनात हवा एका अरुंद गळ्यातून ओढली जाते. तिथे हवेचा दाब घटतो आणि पेट्रोलची वाफ होते, आणि या दोन्हींमुळे त्या गळ्यातले तापमान तीस अंशांनीही खाली येऊ शकते. बाहेर १८ अंश असले तरी आत पाणी गोठते. दमट हवेतली वाफ थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ होऊन बसते आणि इंजिनाचा श्वास हळूहळू आवळला जातो. उन्हाळी कपडे घालून बसलेल्या माणसाला इंजिनात बर्फ साचत असेल हे सुचत नाही. मला शिकवले होते, परीक्षेत मी त्याचे उत्तरही बरोबर लिहिले होते, तरी त्या क्षणी सुचले नाही. फेरे हळूहळू उतरणे हीच त्याची पहिली खूण असते. थ्रॉटल पुढे करून मी ती खूण स्वतःच पुसून टाकत होते.

यावर इलाज एका बटणाचा आहे. ‘कार्ब हीट’ची घुंडी ओढली की एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या, नळीभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये जाते आणि बर्फ वितळतो. तिसऱ्यांदा फेरे उतरले तेव्हा मी ती ओढली. इंजिन जोरात थरथरले, खोकल्यासारखे अडखळले, फेरे आणखी खाली गेले. ते असेच व्हायला हवे. वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनात जात असते, म्हणून ते आधी बिघडते आणि अर्ध्या-एक मिनिटात सुधारते. पण थरथर ऐकून मी घाबरले आणि घुंडी परत आत ढकलली. ही दुसरी चूक. इंजिन अजून थोडा वेळ कसेबसे चालले आणि मग बंद पडले. मी कार्ब हीट पुन्हा ओढली, पण इंजिनच थांबले की एक्झॉस्ट तापत नाही, आणि एक्झॉस्ट तापला नाही की त्या घुंडीतून गरम हवाही येत नाही. जो इलाज वेळेवर करायचा तो वेळ गेल्यावर उरत नाही.

लोकांना वाटते अशा वेळी एकदम शांतता पसरते. आमच्या विमानाचा पंखा वाऱ्याच्या जोरावर फिरतच होता, त्यामुळे समोर पाहून काही बिघडले आहे असे वाटतही नव्हते. फक्त पाठीला जाणवणारा रेटा गेला आणि वाऱ्याची शीळ मोठी झाली.

“काय गं, काय झालं?” दादाने विचारले.

“इंजिन बंद पडलंय, दादा. आपण खाली शेतात उतरणार आहोत. पट्टा घट्ट कर.”

हे वाक्य मी इतके सरळ कसे बोलले याचे मला आजही आश्चर्य वाटते. त्याने पट्टा आवळला आणि विमान थांबेपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या त्या गप्प बसण्याने मला किती मदत झाली ते मी त्याला अनेकदा सांगितले आहे, इथे पुन्हा लिहून ठेवते.

पहिले काम वेगाचे. इंजिन गेले की हात आपोआप नाक वर-खाली करणारा सुकाणूचा दांडा मागे ओढू लागतात, उंची धरून ठेवावी असे शरीरालाच वाटते. तसे केले तर वेग घटत जातो आणि एका टप्प्यावर पंखांवरची हवा तुटते, त्याला आम्ही स्टॉल म्हणतो. तेव्हा मात्र विमान खरोखर कोसळते. आपल्या मथळ्यातला शब्द त्या ठिकाणी अगदी बरोबर बसेल. म्हणून नाक खाली, ६५ नॉट, ट्रिम, म्हणजे दांड्यावरचा जोर काढून घेणारी चाकी, त्याच वेगाला लावायचा म्हणजे हात मोकळे होतात. मग इंजिन पुन्हा सुरू होते का ते पाहायचे: इंधनाची कळ दोन्ही टाक्यांवर, मिक्श्चर (हवेत इंधन किती मिसळायचे ते ठरवणारी घुंडी) पूर्ण, कार्ब हीट ओढलेली, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारी यंत्रे) दोन्ही चालू. इंजिन बंद पडण्याच्या घटनांत टाकी रिकामी होणे, किंवा एका टाकीत इंधन असताना कळ दुसऱ्या रिकाम्या टाकीवर राहणे हे प्रकार पुष्कळ असतात. म्हणून हात आधी त्या कळीकडे जावा असे शिकवतात. माझ्या दोन्ही टाक्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या होत्या. इंजिन सुरू झाले नाही.

आणि मग मी ते केले, ज्याची मला सर्वांत जास्त खंत वाटते. माझे विमानतळ मागे ११ किलोमीटरवर होते. उंची तेव्हा २,७०० फूट होती, म्हणजे मला मिळू शकत होते जेमतेम साडेसात किलोमीटर. हा हिशेब मनात पूर्ण झालेला असताना मी विमान त्या दिशेला वळवले. दहा-बारा सेकंद मी तिकडे जात होते. का, याचे उत्तर मला नंतर बऱ्याच दिवसांनी स्वतःशी कबूल करता आले. मला विमान वाचवायचे होते. ते चौघांचे सामाईक विमान होते. शेतात उतरले तर पुढचे चाक मोडेल, पंखा वाकेल, बाकीच्या तिघांना काय सांगू, लोक काय म्हणतील, पेपरात काय येईल. होय, पेपरात काय येईल हासुद्धा विचार त्या दहा सेकंदांत होता.

माझे प्रशिक्षक सांगत, इंजिन थांबले त्या क्षणापासून विमान विमा कंपनीचे झाले असे समज, तुला फक्त आतली माणसे न्यायची आहेत. ते वाक्य मला तेव्हा आठवले, मी वळले आणि डावीकडचे शेत धरले.

शेत निवडताना काय पाहायचे ते थोडे लिहिते, कारण बातम्यांत ‘सुदैवाने समोर मोकळी जागा होती’ असे येते. जागा समोर असत नाही, ती शोधावी लागते. वारा कुठून येतो आहे हे आधी ठरवावे लागते. मी दूरच्या धुरावरून ते ठरवले. विमान जमिनीला ५० नॉट वेगाने टेकणार असेल आणि समोरून दहा नॉटचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग ४० नॉट होतो. तोच वारा पाठीमागून असेल तर ६०. आघाताची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हा फरक दीडपट नसून सव्वादोन पट होतो. मग तारा. वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असे धरून चालायचे. रस्ता मोहात पाडतो, पण रस्त्यालगत खांब आणि तारा असतात, झाडे असतात, आणि त्यावरच्या माणसांनी काही आपल्यासाठी जागा मोकळी ठेवलेली नसते. नांगरलेले शेत असेल तर सरींच्या दिशेने उतरायचे, आडवे नाही. माझ्या शेताच्या सरी वाऱ्याच्या दिशेला थोड्या तिरक्या होत्या. मी सरींची दिशा धरली.

दीड हजार फुटांवर मी रेडिओवर मदत मागितली. हे आधीच करायला हवे होते, उंची जास्त असताना आवाज लांबवर पोहोचतो. ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारायचा असतो. फ्रेंचमध्ये ‘मला मदत करा’ म्हणताना जो उच्चार होतो त्यावरून तो १९२३ च्या सुमारास रूढ झाला. मी कोण, कुठे, काय झाले, आत किती माणसे, एवढेच बोलले. पलीकडच्या नियंत्रकाने सगळे शांतपणे परत वाचून दाखवले आणि मग मला बोलायला लावले नाही. त्या आवाजाचेही माझ्यावर ऋण आहे.

खाली येताना मी दादाला म्हटले, “तुझ्या बाजूचं दार थोडं उघड आणि फटीत जाकीट कोंबून ठेव.” आघाताने सांगाडा वाकला तर दारे अडकून बसतात. आग लागू नये म्हणून इंधनाची कळ बंद, मिक्श्चर बंद, मॅग्नेटो बंद. फ्लॅप, म्हणजे हळू वेगात उतरता यावे म्हणून खाली झुकवायच्या पंखांच्या मागच्या कडा, पूर्ण उतरवल्यावर मगच मास्टर स्विच बंद केला, कारण या विमानाचे फ्लॅप विजेवर चालतात. आधी वीज तोडली तर ते जिथे असतील तिथेच राहतात. उंची थोडी जास्त वाटत होती, एक नागमोडी वळण घेऊन ती घालवली. थोडी जास्त असलेली बरी, कारण जास्तीची उंची टाकून देता येते, कमी पडलेली आणता येत नाही.

मागची दोन चाके टेकली, मऊ मातीत ओढ लागली, मी सुकाणूचा दांडा पोटाशी धरून नाक जमेल तितका वेळ वर ठेवले. मग पुढचे चाक खाली आले आणि पुढच्या बांधावर मोडले. पंखा मातीत रुतला, शेपूट उचलली गेली आणि परत खाली बसली. आम्ही थांबलो. चाके टेकल्यापासून साठ-सत्तर मीटर. दादाच्या खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ उमटला, माझ्या हाताची बोटे सोलली. बाकी काही नाही.

इतके थोडक्यात का सुटलो, याचे उत्तर दैवात नाही, मोजमापात आहे. विमान ताशी ८० किलोमीटर वेगात असेल आणि थांबताना माणसाला आपल्या वजनाच्या नऊ पट जोर सहन करावा लागेल असे धरले, तर वेग एकसारखा कमी होत थांबायला फक्त पावणेतीन-तीन मीटर लागतात. ताशी १६० असेल तर सव्वाअकरा. खांद्यावरून पट्टा बांधलेले निरोगी शरीर एवढा जोर क्षणभर सोसू शकते. म्हणजे वेग कमी राखला, विमान ताब्यात ठेवले, आणि चाक, पंख, मऊ माती यांना मोडू-खचू दिले, तर माणसे वाचायला मोठे मैदानही लागत नाही. विमानाने मोडायचे असते ते यासाठी. त्या मोडलेल्या चाकाचा फोटो छापून खाली ‘कोसळलेले विमान’ लिहिले होते, ते चाक मोडले म्हणून आमच्या पाठीचे मणके शाबूत राहिले.

उलट जे विमान वाचवायला जातात त्यांच्या गोष्टी वैमानिकांत दबक्या आवाजात बोलल्या जातात. उड्डाण केल्याकेल्या चार-पाचशे फुटांवर इंजिन गेले की मागची धावपट्टी हाक मारते. ती हाक फार जबरदस्त असते. पण त्याच पट्टीवर परत यायचे तर नुसते १८० अंश वळून भागत नाही, आधी जास्त वळून मग पुन्हा सरळ व्हावे लागते. वळण जितके तीव्र, तितका स्टॉलचा वेग वाढतो; ४५ अंश कलले की जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी, ६० अंशांवर एकेचाळीस टक्क्यांनी. इंजिन नाही, उंची नाही, वेग घटतो आहे, आणि स्टॉलचा आकडा वर चढतो आहे. तिथे माणसे जातात. पुरेशी उंची असेल, सराव असेल, आकडे आधीच ठरवलेले असतील तर मागे वळणे जमूही शकते, हे मी नाकारत नाही. ५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या जुन्या प्रशिक्षण विमानाचे इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडले. ते धावपट्टीकडे परत निघाले, ती गाठता येत नाही असे दिसल्यावर त्यांनी विमान गोल्फच्या मैदानात उतरवले. ते जखमी झाले, पण वाचले. कार्ब्युरेटरमधला एक छोटा भाग सैल होऊन फिरला होता, असे तपासात आढळले.

मोठ्या विमानांचेही असेच आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात बोइंग ७६७ चे इंधन ४१ हजार फुटांवर संपले, कारण भरताना किलो आणि पौंड यांचा घोळ झाला होता. ते घसरत येऊन हवाई दलाच्या एका जुन्या धावपट्टीवर उतरले, आतले ६९ जण वाचले. २४ ऑगस्ट २००१ रोजी अटलांटिकवर इंधनाची गळती होऊन एअरबस ए-३३० ची दोन्ही इंजिने थांबली, आणि १९ मिनिटे तरंगत ते अझोर्स बेटांवर पोहोचले, ३०६ जण वाचले. १५ जानेवारी २००९ ची न्यूयॉर्कची गोष्ट सर्वांना माहीत आहे: पक्षी धडकून दोन्ही इंजिने गेलेले प्रवासी विमान वैमानिकांनी हडसन नदीत उतरवले आणि सगळे वाचले. त्या १५५ जणांबद्दल जगभर ‘चमत्कार’ हा शब्द लिहिला गेला. ‘कोसळले’पेक्षा तो शब्द मायेचा आहे, पण त्यातही वैमानिकांचे हात दिसत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येते. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञांनी आमचे इंजिन तपासले. वाकलेला पंखा काढून, जोडणी करून चालवले तेव्हा ते पहिल्याच फटक्यात सुरू झाले. सुरळीत, काही दोष नाही. कार्ब्युरेटरमधला बर्फ आम्ही शेतात उभे असतानाच वितळून गेला होता. या बिघाडाचा पुरावा मागे राहत नाही. हवामानाची नोंद पाहून अंदाज करता येतो एवढेच. तो बिघाड झाला होता, कसा झाला, कोणत्या क्रमाने झाला, हे फक्त आत बसलेला वैमानिक सांगू शकतो. आणि ते सांगायचे म्हणजे ‘मी दोनदा थ्रॉटल पुढे केला, मग कार्ब हीट ओढून परत ढकलली’ हे सांगणे आले.

त्याच सकाळी पेपरात ‘कोसळले’ आले होते. नातेवाइकांचे फोन येत होते, एक मावशी फोनवर नुसती रडत होती. कोणीतरी विचारले, इंजिनात दोष नव्हता तर उतरवलेच कशाला? मी दोन दिवस गप्प राहिले. इंजिन अचानक थांबले, एवढेच सांगावे असे मला फार वाटले. तसे सांगितले असते तर कागदोपत्री कारण ‘अज्ञात’ राहिले असते, आणि ते विमान पुन्हा उभे राहिल्यावर उरलेल्या तिघांपैकी कोणीतरी एखाद्या दमट दिवशी पुन्हा तसाच थ्रॉटल पुढे केला असता. तिसऱ्या दिवशी मी सगळे लिहून दिले. त्यानंतरच्या महिन्यात ओळखीच्या दोन वैमानिकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की त्यांचेही इंजिन असेच एकदा अडखळले होते, पण ते सावरले, म्हणून ते कोणाजवळ बोलले नाहीत. दोघांनाही ते बर्फामुळे झाले असेल हे माहीत नव्हते.

संपादक महोदय, म्हणून मी शब्दाबद्दल एवढे लिहिते आहे. विमान ताब्यात असताना, ठरवून, निवडलेल्या जागी खाली आणले असेल तर ‘उतरवले’ लिहा. ‘इंजिन बंद, शेतात उतरवले’ एवढ्या जागेत मथळा बसतो. ताबा सुटून जमिनीवर आपटले असेल तेव्हा ‘कोसळले’ जरूर लिहा, तिथे तो शब्द सौम्य करू नका. वैमानिक चुकला असेल तर तेही लिहा, आम्हाला पाठीशी घालू नका. पण इंजिन किती उंचीवर थांबले, आधी काही खूण दिसली होती का, त्याने मग काय केले, हे विचारा. तीन प्रश्नांची उत्तरे तीन ओळींत येतात आणि दुसऱ्या दिवशी उड्डाण करणाऱ्या माणसाच्या कामी येतात.

आणि जवळपास कुठे असे विमान उतरले तर धावत जाणाऱ्यांसाठी थोडेसे. पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्या समोर किंवा जवळ जाऊ नका, मागच्या बाजूने या. पेट्रोलचा वास येत असेल तर मोबाइलचा फोटो राहू द्या, काडी किंवा विडी तर नकोच. आतले बाहेर येऊ शकत असतील तर त्यांना विमानापासून लांब न्या, मानेला लागले आहे असे वाटले आणि आग नसेल तर हलवू नका. आमच्याकडे पहिला जो शेतकरी आला त्याने शेताच्या नुकसानीबद्दल एक शब्द काढला नाही. “कुणाला लागलं का?” एवढेच विचारले, आणि दादाला हात देऊन बांधावर बसवले.

आपल्या बातमीतला वैमानिक हे वाचत असेल तर त्याला माझी विनंती आहे. आठवते आहे ते सगळे आजच लिहून काढा, वेळेसकट, फेऱ्यांच्या आकड्यांसकट. मी तिसऱ्या दिवशी लिहायला बसले तेव्हा, कार्ब हीट मी थ्रॉटलच्या दुसऱ्या ढकलण्याआधी ओढली की नंतर, यावर माझे आणि दादाचे एकमत होईना. त्याने घुंडीकडे पाहिले होते, मी बाहेर पाहत होते. शेवटी त्याचे खरे निघाले.

आपली,
एक वाचक आणि खासगी वैमानिक